गांडूळ आणि सुरवंट एका संघात का नाहीत?

तासगाव तालुक्यातल्या दहावीच्या एका मुलीने विचारलं आहे: "गांडुळाच्या अंगावर वलयं असतात म्हणून ते वलयी प्राणी, असं पुस्तकात आहे. पण सुरवंटाच्या अंगावरही वलयं असतात, मग तो संधिपाद कसा? आमची द्राक्षबाग आहे. पप्पा लाल कोळीला कीडच म्हणतात आणि पुस्तक म्हणतं कोळी हा कीटक नाही. आणि हे सगळे संघ लक्षणांसकट पाठ कसे करायचे?"

बाळा, मी कराडला ३२ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. तुझा पहिला प्रश्न मला वर्गात फार थोड्या मुलांनी विचारला. बाकीच्यांनी तक्ता पाठ केला, पेपर दिला आणि विसरून गेली. तू तक्त्यातली ओळ बागेतल्या जिवाशी ताडून पाहिलीस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संघ म्हणजे प्राण्यांचा एक मोठा गट, आणि संधिपाद म्हणजे सांधे असलेल्या पायांच्या प्राण्यांचा संघ. आधी गांडूळ आणि अळी. हरभऱ्यावरची घाटेअळी किंवा कोबीवरची हिरवी अळी घे. केसाळ सुरवंट नको, अंगाला खाज सुटते. ओल्या मातीतून एक गांडूळ काढ. दोघांना शेजारी ठेव आणि भिंगातून पाहा.

अळीला डोकं आहे, कठीण, टोपी घातल्यासारखं. डोक्यामागे तीन जोड्या बारीक, टोकदार, सांधे असलेल्या पायांच्या. मागे जे मांसल पाय दिसतात ते फक्त धरून राहण्यासाठी. फुलपाखरू होताना ते नाहीसे होतात, पुढचे सहा मात्र राहतात. अंगाच्या दोन्ही बाजूंना ओळीने ठिपके दिसतील. ती श्वासरंध्रं. त्यांतून हवा बारीक नळ्यांनी थेट पेशींपर्यंत पोचते, म्हणून अळीच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेण्याचं काम नाही आणि ते लालही नसतं. अंगावर कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचं आवरण. ते ताणत नाही, म्हणून वाढायचं तर कात टाकावी लागते.

आता गांडूळ. त्याला ना सांध्यांचे पाय, ना अळीसारखं टणक डोकं. त्याला कोरड्या कागदावर क्षणभर ठेव आणि कान जवळ ने. खरखर ऐकू येईल. ते दृढरोम, वलयावलयांवर असलेले बारीक काटे. त्यांनी जमीन धरून गांडूळ पुढे सरकतं. श्वास ओल्या कातडीतून, म्हणून लगेच परत ओल्या मातीत सोड. कातडी सुकली की ते गुदमरतं. रक्त लाल आणि बंद नळ्यांतून फिरणारं. आतली रचना उसासारखी: बाहेर जिथे कांडं दिसतं तिथे आतही पडदा. अळीच्या शरीरात असे पडदे नाहीत. आत एकच पोकळी आणि तिच्यात रक्त मोकळं खेळतं.

म्हणजे वलयं दोघांनाही आहेत आणि दोघांचीही खरी आहेत. अळीची वलयं खोटी असतात असं काही शिक्षक सांगतात, ते बरोबर नाही. कीटकांतही स्नायू आणि चेतागुच्छ, म्हणजे चेतापेशींचे पुंजके, खंडाखंडाने मांडलेले असतात. पण संघ एका लक्षणावर ठरत नाही. पाय, आवरण, रक्त, श्वसन हे सगळं एकत्र ठेवलं की दोन वेगळी घराणी दिसतात.

तुझ्यासारखाच गोंधळ मोठ्या शास्त्रज्ञांचाही झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या जॉर्ज कुव्हिए यांनी खंड असलेले म्हणून गांडूळ आणि कीटक एकाच मोठ्या गटात घातले आणि तो विचार जवळजवळ पावणेदोनशे वर्षं टिकला. १९९७ मध्ये जनुकीय पुराव्यावरून वेगळंच चित्र पुढे आलं. कात टाकणारे प्राणी, म्हणजे कीटक, कोळी, खेकडे आणि त्यांच्याबरोबर गोलकृमीसुद्धा, हे एका शाखेवर. गांडूळ दुसऱ्या शाखेवर, आणि तिथे त्याच्या शेजारी कोण, तर गोगलगाय! खंड असलेलं गांडूळ हे खंड नसलेल्या गोगलगायीला जास्त जवळचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. पण एक जुनी गोष्ट आठवली. गांडुळाचे समुद्रातले भाऊबंद आणि समुद्री गोगलगायी या दोघांच्या पिल्लांची पहिली अवस्था सारखीच असते: भोवऱ्यासारखी, कमरेला हलणाऱ्या केसांचा पट्टा असलेली. हा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली कधीचा दिसत होता. तुझ्या पुस्तकात हे नसेल. परीक्षेत पुस्तकाप्रमाणेच लिही, पण मनात हे असू दे.

आता लाल कोळी. पप्पा कीड म्हणतात ते शेतकऱ्याच्या भाषेत अगदी बरोबर आहे. पिकाचं नुकसान करते ती कीड, मग ती कीटक असो, कोळी असो, गोगलगाय असो की उंदीर. कीटक हा मात्र शास्त्रातला शब्द: शरीराचे तीन भाग, सहा पाय, डोक्यावर मिशांची एक जोडी. कोळीवर्गाला आठ पाय आणि मिशा नाहीत. लाल कोळी, गोचीड, विंचू आणि जाळं विणणारा कोळी हे सगळे आठ पायांचे. खेकड्याला मिशांच्या दोन जोड्या. गोम आणि घोण यांना प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी, तर पावसाळ्यात वेटोळं करून पडणाऱ्या वाणी किड्याला, ज्याला कुणी पैसाही म्हणतात, बहुतेक खंडांना दोन-दोन जोड्या. हे सगळे संधिपाद.

तुमच्या बागेला हा फरक पुस्तकी नाही. कीटकांसाठी केलेलं औषध कोळीवर चालेलच असं नाही. उलट काही कीटकनाशकांनी, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या, लाल कोळीला खाणारे मित्रकीटक आणि भक्षक कोळी मरतात आणि लाल कोळी आधीपेक्षा जास्त वाढतो. बागेत फवारणीनंतर आठवड्याभरात पानं तांबूस पडलेली मी पाहिली आहेत, आणि त्या शेतकऱ्याला औषध भेसळीचं वाटलं होतं. औषध चांगलंच होतं, समोरचा प्राणी वेगळा होता. पानाची खालची बाजू दहापट भिंगातून पाहायची सवय पप्पांना लाव. एक लक्षात ठेव: अंड्यातून नुकतंच निघालेलं कोळीचं पिल्लू सहा पायांचं असतं, आठ पाय कात टाकल्यावर येतात. तेव्हा पानावरच्या मोठ्या जिवाचे पाय मोज.

आपल्या सांगली जिल्ह्याने ओळख चुकण्याचा अनुभव २००२ मध्ये घेतला आहे. उसावरचा लोकरी मावा महाराष्ट्रात त्या वर्षी प्रथम सांगली जिल्ह्यात दिसला. पानाखाली कापूस चिकटवल्यासारखा पांढरा थर आणि खालच्या पानांवर काजळी. बऱ्याच जणांना तो बुरशीचा रोग वाटला. तो पांढरा थर म्हणजे माव्याने अंगावर तयार केलेलं मेण होतं, आणि काजळी त्याच्या गोड चिकट विष्ठेवर वाढलेली. पुढे डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस नावाचा नाजूक पंखांचा कीटक हा मावा खातात हे शेतातच दिसलं आणि ते मुद्दाम वाढवून सोडले गेले. डिफाची अळी पान खात नाही, मावा खाते. दिसली अळी की मार, असं करणाऱ्या शेतकऱ्याने आपलाच राखणदार मारला असता. संधिपादांबद्दल मी इतकं लिहितोय कारण जगातल्या माहीत असलेल्या प्राण्यांच्या जातींपैकी बहुसंख्य जाती याच संघातल्या आहेत. नुसत्या कीटकांच्याच नोंदवलेल्या जाती १० लाखांच्या आसपास आहेत.

आता पाठांतराचा प्रश्न. प्रत्येक प्राण्याला चार प्रश्न विचार. शरीर किती थरांचं? सममिती कसली? आत पोकळी (देहगुहा) आहे का आणि ती खरी, म्हणजे सगळीकडून मधल्या थराचं अस्तर असलेली, की फसवी? खंड आहेत का? या चार प्रश्नांची उत्तरं ओळीने लावली की पुस्तकातला संघांचा क्रम आपोआप बराचसा तयार होतो. वेगळा पाठ करावा लागत नाही.

स्पंज, म्हणजे रंध्रीय संघ, पहिल्याच प्रश्नाला अडतो, कारण त्याला ऊतीच नाहीत. पेशींची सैल वस्ती आहे. १९०७ मध्ये विल्सन नावाच्या शास्त्रज्ञाने स्पंज कापडातून गाळून पेशी सुट्या केल्या, तर त्या परत एकमेकींना शोधून जमल्या आणि त्यातून पुन्हा स्पंज वाढले. स्पंज फक्त समुद्रात असतो असं समजू नकोस. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की दगडांवर आणि बुडालेल्या फांद्यांवर करड्या रंगाची ठिसूळ खपली दिसते आणि तिच्यात खसखशीएवढे दाणे. तो वाळलेला गोड्या पाण्यातला स्पंज. पाणी आलं की त्या दाण्यांतून तो पुन्हा उगवतो. हातावर चोळू नकोस, त्यातल्या सिलिकाच्या कंटिका, म्हणजे बारीक सुया, टोचतात.

यानंतर दोन थरांचे, गोल चाकासारख्या सममितीचे, दंशपेशी असलेले: सिलेंटेराटा संघ, ज्याला आता निडारिया म्हणतात. शेवाळ असलेल्या संथ डबक्यातलं पाणी काचेच्या बरणीत दिवसभर स्थिर ठेवलंस तर काचेला चिकटलेला हायड्रा दिसू शकतो, दोऱ्याच्या तुकड्यासारखा, टोकाला शुंडकं, म्हणजे भक्ष्य पकडणारे धाग्यांसारखे हात. जेलीफिशही याच संघातला, आणि इथे सातारा जिल्ह्याचं नाव जगाच्या प्राणिशास्त्रात आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला ज्यांचं नाव आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ओळखले जातात. पण तरुणपणी सह्याद्रीत फिरताना त्यांना इथल्या कृष्णेच्या उपनद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोवर या गटातला जेलीफिश आफ्रिकेतच माहीत होता. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधल्या नेल्सन ॲनंडेल यांनी १९११ च्या सुमारास त्याला लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिलं. मी दर वर्षी पहिल्या तासाला हे सांगायचो. कोयनेच्या काठच्या मुलांना जेलीफिश म्हणजे दूरच्या समुद्रातली गोष्ट वाटते.

मग येतात चपटे कृमी. तीन थर, डावी-उजवी बाजू सारखी, पण आत पोकळी नाही. ते चपटे का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्यांना रक्ताभिसरण नाही आणि श्वसनाचं इंद्रियही नाही. प्राणवायू कातडीतूनच आत झिरपायचा, तर कुठलीच पेशी पृष्ठभागापासून लांब असून चालणार नाही. म्हणून शरीर कागदासारखं. हे कारण समजलं की "चपटे" हे लक्षण पाठ करावं लागत नाही. पावसाळ्यात रोपवाटिकेत कुंडीखाली लांब, चपटा, पाठीवर रेघा आणि अर्धचंद्रासारखं डोकं असलेला किडा दिसतो. लोक त्याला जळू समजतात. तो स्वतंत्र जगणारा चपटा कृमी, आणि त्याचं खाणं गांडूळ.

याच संघातला पर्णकृमी, म्हणजे लिव्हर फ्लूक, खानापूर, आटपाडी, माणच्या मेंढपाळांना चांगला माहीत आहे. मेंढीच्या लेंडीतून अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेलं पिल्लू पाणथळीतल्या लिम्निया गोगलगायीत शिरतं, तिथे एकाची शेकडो होतात, बाहेर पडून गवतावर कोश करून बसतात, आणि ते गवत मेंढीच्या पोटात जातं. मग मेंढी खंगते, जबड्याखाली पाण्याची सूज येते. तळ्याच्या कडेचं ओलं गवत चारू नये असं जुनी धनगर मंडळी सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

गोलकृमी दोऱ्यासारखे, दोन्ही टोकांना निमुळते, खंड नाहीत, फसवी देहगुहा. त्यांना फक्त लांबीच्या दिशेचे स्नायू, म्हणून ते गांडुळासारखे आखूड-लांब होत नाहीत, सापासारखे वळवळतात. लहान मुलांच्या पोटातले जंत हेच आणि तुमच्याकडच्या डाळिंबाच्या, हळदीच्या मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमीही हीच. मुळावरची गाठ सूत्रकृमीची की भुईमुगाच्या उपयोगी जिवाणूंची, हे ओळखायची सोपी खूण: जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखाने सहज सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं, सुटत नाही.

या संघातल्या नारूबद्दल तुझ्या आजीला विचार. दुष्काळी पट्ट्यात पायविहिरीत उतरून पाणी भरायचे. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की पायावरचा फोड फुटून हजारो पिल्लं पाण्यात जात, सायक्लॉप्स नावाचा पाण्यातला बारीक संधिपाद त्यांना खाई आणि ते पाणी प्यायलेल्या माणसात वर्षभराने हातभर लांब कृमी तयार होई. या रोगावर ना लस होती, ना खात्रीचं औषध. दुहेरी कापडाने पाणी गाळा, विहिरीत पाय घालू नका, एवढ्यावर तो गेला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मधला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. कृमीचा संघ, त्याच्या वाहकाचा संघ आणि दोघांचं जीवनचक्र माहीत होतं, म्हणून कापडाचा तुकडा पुरला.

वलयी प्राणी आपण पाहिलेच. चांदोली-कोयनेच्या जंगलातली जळूही त्यातलीच, तिला दृढरोम नाहीत, दोन्ही टोकांना चूषक आहेत.

मृदुकाय प्राण्यांचं शरीर मऊ, खंड नाहीत, खाली मांसल पाय आणि वर प्रावार नावाचं कातडं, जे बहुतेकांत कवच तयार करतं. सोयाबीन आणि भाजीपाला फस्त करणारी मोठी शंखी गोगलगाय मूळची आफ्रिकेची. १८४७ मध्ये ती कोलकात्यात मुद्दाम आणून सोडली गेली आणि तिथून पसरली. प्रत्येक शंखी नर आणि मादी दोन्ही असते, म्हणून प्रत्येक जण अंडी घालू शकते. सकाळी लवकर गोळा करायच्या तर हातमोजे घालून, कारण तिच्यात माणसाला अपाय करणारा गोलकृमी असू शकतो. कृष्णेतला शिंपलाही मृदुकाय. त्याची पिल्लं सुरुवातीला माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहतात आणि मग तळाशी उतरतात. नदीतले मासे संपले की शिंपलेही संपणार, हे मला कराडच्या संगमावर दर उन्हाळ्यात पाणी पाहताना आठवतं. रत्नागिरीच्या बाजारातली माकूल (स्क्विड) गोगलगायीची नातेवाईक, हे पाहूनही पटत नाही, पण तिच्याही शरीरात प्रावार आहे.

एक सूक्ष्म गोष्ट. तुझ्या पुस्तकात "असमपृष्ठरज्जू" शब्द आहे आणि लोक बोलताना "अपृष्ठवंशीय" म्हणतात. दोन्ही एक नाहीत. समुद्रातल्या काही जिवांना पाठीचा कणा नसतो, पण पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीतला लवचिक दांडा, असतो. ते अपृष्ठवंशीय आहेत, असमपृष्ठरज्जू नाहीत. अपृष्ठवंशीय हा शब्दच मुळात "कणा नसलेले बाकी सगळे" असा आहे. फ्रान्सचे लामार्क यांनी तो गट रूढ केला. आजच्या दृष्टीने ते एक कुटुंब नाही, कारण तारामासा गांडुळापेक्षा तुझ्या-माझ्या जवळचा आहे. गर्भात पहिलं छिद्र पडतं तिथे गांडुळात तोंड येतं, तारामाशात आणि आपल्यात तिथे गुदद्वार होतं.

आता वही घे. प्रत्येक संघाला एक पान. पानावर चार प्रश्नांचे चार रकाने आणि खाली तू स्वतः पाहिलेल्या प्राण्याचं पेन्सिलने काढलेलं चित्र, तारीख आणि जागा लिहून. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर हुमणीचे भुंगेरे येतात, तिथून सुरुवात कर. त्याच हुमणीची इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी नंतर उसाच्या मुळाशी सापडेल, तिचेही सहा पाय मोज. ओढ्यातला खेकडा उलटा करून पोटाखालची पट्टी पाहा: रुंद असेल तर मादी, निमुळती असेल तर नर. परत सोड. बहुतेक पानं तासगावातच भरतील. कंटकचर्मींचं, म्हणजे तारामाशाच्या संघाचं, पान मात्र भरणार नाही, कारण जगात एकही कंटकचर्मी गोड्या पाण्यात किंवा जमिनीवर राहत नाही. त्यांच्या नलिकापादांत, म्हणजे नळीसारख्या बारीक पायांत, खेळणारं पाणी समुद्राच्या खारटपणावर बेतलेलं असतं. ते पान रत्नागिरीच्या सहलीपर्यंत कोरं ठेव, आणि ओहोटीच्या वेळी खडकांत तारामासा दिसला की उलटा करून त्याचे पाय हलताना पाहा.